बाहेरच्या लोखंडी पेटीच्या अर्थिंगला नुसता रॉड पुरतो का?

खांबाखाली:
बाहेर खांबावर पत्र्याची पेटी बसवली आहे. आत कॅमेऱ्याचं नेटवर्क स्विच, आणि दाराच्या आतल्या बाजूला पॉवर सप्लाय. घरातून येणारी २३० व्होल्टची केबल दोनच तारांची आहे, फेज आणि न्यूट्रल. पेटीजवळ रॉड ठोकून पाठीमागच्या पत्र्याला जोडलाय. तरी पाऊस पडला की दाराच्या कडीला हात लावताच झिणझिण्या येतात. टेस्टरही मंद पेटतो. एक जण म्हणतो, रॉडला मीठ-पाणी घाला. दुसरा म्हणतो, न्यूट्रल बॉडीला जोडा, लगेच थांबेल. मुलं तिथेच खेळतात म्हणून घाई आहे.

पाना_पक्कड:
आधी घरातला स्विच बंद करा आणि काम पूर्ण होईपर्यंत चालू करू नका.

न्यूट्रल बॉडीला अजिबात जोडू नका. ती तार वाटेत कुठे तुटली, तर फेज आतल्या उपकरणातून फिरून थेट पत्र्यावर येतो. झिणझिण्या आज थांबतील, पण त्या दिवशी पेटी जीव घेईल. हे सुचवणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आता रॉड. समजा त्याचा जमिनीशी रोध २० ओहम आहे. फेज पत्र्याला चिकटला तर २३० भागिले २०, म्हणजे जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हा नेहमीचाच लोड वाटणार. सी टाइपची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे एमसीबी पडत नाही, पेटीच्या पत्र्यात करंट तसाच राहतो, आणि आपण मात्र अर्थिंग केलंय या भरवशावर असतो. मीठ-पाण्याने रोध थोडा उतरेल, पण इतका नाही.

उपाय म्हणजे तीन तारांची केबल. तिसरी हिरवी-पिवळी तार घरातल्या मुख्य अर्थ पट्टीपासून पेटीपर्यंत आणा. आणि केबल जिथून निघते तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखणारा सुरक्षा स्विच) लावा. गळती तेवढी झाली की ती सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडते. ही दोन्ही कामं वायरमनकडूनच करून घ्या.

ढगफुटी:
रॉड काढू नका, आसपास वीज पडली की येणाऱ्या व्होल्टेजच्या लाटेसाठी त्याचा उपयोग आहे. फक्त तो आणि आतून आलेली हिरवी-पिवळी तार पेटीतल्या एकाच अर्थ बोल्टला जोडा. दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये वीज पडताना मोठा व्होल्टेज फरक उभा राहतो आणि तो उपकरणांतून वाट काढतो.

खांबाखाली:
आज वायरमन आले होते. त्यांनी घरातला स्विच थोडा वेळ चालू करून मीटर लावला. रॉड ते पाठीचा पत्रा, शून्याच्या आसपास. रॉड ते दार, ११० व्होल्ट! मग दारातला पॉवर सप्लाय खराब आहे का?

पाना_पक्कड:
बहुधा नाही. अशा पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट (इलेक्ट्रिकल नॉइज) गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून. बॉडीला अर्थ नसेल तर ती दोघांच्या मधोमध, साधारण अर्ध्या व्होल्टेजवर तरंगते. प्रवाह किरकोळ असतो. पावसात हात-पाय ओले असतात म्हणून तो जाणवतो. पण यातून एक गोष्ट पक्की कळली, की तुमच्या दाराला अर्थच नाही. उद्या पॉवर सप्लायच्या आत फेज सुटला, तर तोच दरवाजा पूर्ण २३० व्होल्टवर असेल.

कारण बिजागरी. रंग, गंज आणि ग्रीस यांतून तिचा भरवसा धरता येत नाही. दार आणि पेटी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली लवचीक पट्टी टाका. दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, कथिल चढवलेला लग (बोल्टमध्ये अडकवायचं भोकाचं टोक) आणि दातेरी वॉशर वापरा, आवळून झाल्यावर वरून रंग मारा. नाहीतर एक-दोन पावसाळ्यांत तिथेच गंज धरेल.

मग सप्लाय बंद ठेवून अर्थ बोल्ट ते दाराची कडी असा रोध मोजायला सांगा. दार उघडं असताना आणि मिटलेलं असताना, दोन्ही वेळा तो एक ओहमच्या आत हवा. आरसीसीबीचं टेस्ट बटण मधूनमधून दाबत जा, पण त्याने अर्थची तार तपासली जात नाही. ती मीटरनेच बघावी लागते.