न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरील शिल्पे: वास्तुकला की वरचा साज?

फोर्टवासी (प्रस्ताव):
मुंबईच्या फोर्ट भागात महात्मा गांधी मार्गावर १९३६ साली उभ्या राहिलेल्या न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनीच्या इमारतीचा उल्लेख आर्ट डेकोच्या (१९२०-३० च्या दशकांतील भौमितिक, सजावटी वास्तुशैलीच्या) प्रत्येक यादीत होतो, परंतु ‘छान उठावशिल्पे असलेली कचेरी’ यापलीकडे बहुतेक जण जात नाहीत. माझ्या मते ही शिल्पे काढली, तर मागे इमारत नव्हे, नुसता सांगाडा उरेल. मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांनी दर्शनी भागावर सलग उभ्या पट्ट्या चढवल्यामुळे एकावर एक रचलेले मजले जाणवत नाहीत आणि पाहणाऱ्याची नजर आपसूक वर ओढली जाते. त्याच दर्शनी भागावर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या आणि घागरी वाहणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी या आकृतींना गोलाई न देता त्या चपट्या आणि ठसठशीत कडांच्या ठेवल्या, म्हणून त्या भिंतीवर चिकटवलेल्या न वाटता भिंतीतूनच उमटल्यासारख्या दिसतात.

जवळच, फ्लोरा फाउंटनपाशी असलेली ओरिएंटल इमारत तुलनेला घ्यावी. १८७४ साली स्थापन झालेल्या त्या विमा कंपनीने एका जुन्या शाळेच्या वास्तूचे रूपांतर व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांच्याकडून करून घेतले आणि साहेबी गॉथिक (टोकदार कमानी-मनोऱ्यांचा) थाट स्वीकारला. त्या रूपांतरानंतर सुमारे चार दशकांनी सर दोराबजी टाटांनी स्थापलेल्या कंपनीने भारतीय वास्तुविशारदांकरवी भारतीय श्रमिक दर्शनी भागावर आणले, हा बदल मला फार मोठा वाटतो.

रोखठोक:
बदल मोठा आहे, पण तो जाहिरातीतला. विमा कंपनी विश्वास विकते, आणि विश्वास डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिला भारदस्त इमारत लागते. ज्या शेतकऱ्याला तुम्ही भिंतीवर पाहता, त्याच्या दाराशी १९३६ साली कोणता विमा एजंट जात होता? त्यापेक्षा सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरची लक्ष्मी इन्शुरन्सची इमारत मला अधिक प्रामाणिक वाटते. कंपनीचे नाव लक्ष्मी, म्हणून माथ्यावर लक्ष्मी आणि सोबतीला हत्ती. त्यात आव काही नाही. शिवाय उभ्या पट्ट्यांमागे काय आहे? कुठल्याही कचेरीसारखा सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा. मजले लपवणे हा वास्तुकलेचा गुण कसा, हे कोणी तरी सांगावे.

गवाक्ष:
शेतकऱ्याबद्दलचा आक्षेप रास्त आहे, सांगाड्याबद्दलचा नाही. काँक्रीट जसेच्या तसे उघडे दाखवणे हाच प्रामाणिकपणा, ही कसोटी मुंबईत बऱ्याच नंतर रुळली. ती मागे नेऊन १९३६ ला लावली, तर मरीन ड्राइव्हवरच्या निम्म्या इमारतींना टाळेच लावावे लागेल. मला वेगळीच गोष्ट खटकते. त्या ताठ, भव्य आकृतींची ठेवण इजिप्शियन शिल्पांची आठवण करून देते. कुंभार आपला, पण उभा आहे परक्या घडणीत. तरीही हे उसने घेणे मला कमीपणाचे वाटत नाही, कारण विषय कोणता कोरायचा हे येथे ठरले आणि तोही परकीय राजवटीच्या काळात, तिच्याच व्यापारी पेठेत.

फोर्टवासी:
रोखठोक यांनी लक्ष्मीची मूर्ती माथ्यावर असल्याचे स्वतःच सांगितले आहे. ती उतरवून ठेवली, तरी खालची इमारत शाबूत राहते. न्यू इंडियाच्या आकृतींना असे उतरवता येत नाही. ग्राहक कोण होता हा इतिहासाचा प्रश्न झाला; भिंत आणि शिल्प एकत्र आखले गेले की नाही हा वास्तुकलेचा, आणि मी त्याच प्रश्नावर बोलत होतो.

रोखठोक:
तसे असेल, तर त्याचे परिणामही स्वीकारावे लागतील. इमारतीचे सगळे सत्त्व दर्शनी भागातच असेल, तर उद्या कोणी तो भाग जपून मागचे सर्व पाडून काचेची नवी कचेरी उभारू म्हणाला, तर त्याला कोणत्या तोंडाने विरोध करणार? जिना, खिडक्यांची मापे, दालनांची उंची यांविषयी या संपूर्ण चर्चेत आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. शिल्पांचे कौतुक मला मान्य आहे. पण आतल्या वास्तूची बाजू मांडल्याशिवाय त्या कौतुकाने इमारतीचे रक्षण होईल, हे मला मान्य नाही.