नवा कॉपरबँड मासा अन्न घेत नाही

प्रश्न (नागपूर): पाच दिवसांपूर्वी माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आणलेला कॉपरबँड बटरफ्लाय मासा खाद्याच्या कोरड्या दाण्यांजवळ येतो, परंतु खात नाही. पाण्याचे तापमान २६ अंश असून सापेक्ष घनता (खारटपणाचे माप) १.०२५ आहे. काय करावे?

उत्तर: हा मासा चोचीसारख्या लांब तोंडाने प्रवाळखडकांच्या फटींतील कृमी टिपतो, त्यामुळे कोरडे दाणे त्याला अन्न वाटतच नाहीत. आधी जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा बारीक जीव) द्यावा आणि तो घेऊ लागला की त्यात गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखाच दुसरा छोटा जीव) थोडाथोडा मिसळावा.

दुसरे उत्तर: उघडलेला शिंपला खडकात अडकवून पाहावा, माझ्या माशाने पहिला घास तिथेच घेतला. मात्र उरलेले मांस लवकर काढावे, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चटकन सडते व अमोनिया वाढतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टँकमधील टँग (दुसऱ्या जातीचा समुद्री मासा) त्याला सतत हुसकावतो, हेही कारण असेल का?

उत्तर: निश्चितच. कॉपरबँड नीट खाऊ लागेपर्यंत दोघांच्या मध्ये जाळी लावावी.