तळमजला, पावसाळा आणि काचेचं कपाट: पुस्तकं कशी वाचवावीत?

तळमजला:
रत्नागिरीत तळमजल्यावर फ्लॅट आहे. पुस्तकं साधारण 600, त्यात जुने दिवाळी अंक बरेच. काचेच्या दारांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून उभं आहे. जुलै उजाडला की कापडी बांधणीवर पांढुरकी बुरशी धरते, शिवाय काही पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. डांबरगोळ्यांनी काही फरक नाही. गणपतीनंतर सगळं उन्हात घालावं का? कपाट नवं करायचं तर कसं करून घ्यावं?

दमटहवा:
डांबरगोळ्या आधी काढा. बुरशीचं त्यांनी काही बिघडत नाही, वास मात्र पानांत मुरतो, आणि घरात तान्हं मूल असेल तर ती वाफ धोक्याची.

औषधं शोधण्याआधी आर्द्रता मोजा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. तो खोलीत टांगू नका. खालच्या फळीवर, पुस्तकांच्या मागे ठेवा. तिथला आकडा खोलीपेक्षा हमखास जास्त निघतो, कारण भिजलेली बाहेरची भिंत थंड असते आणि तिच्यालगत हवा जास्त दमट होते. म्हणूनच बुरशी आधी तळाला आणि मागे दिसते. आकडा 65-70 टक्क्यांच्या वर सलग राहिला की बुरशी आलीच म्हणून समजा; 60 च्या खाली राखलात तर काळजी नाही.

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. पुस्तकं इतकी सैल लावा की एखादं सहज ओढून निघेल. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला कोकणातल्या जुलैत उलटा पडतो: बाहेर 90 टक्के असताना खिडकी उघडली तर तीच हवा आत येणार. पाऊस उघडला की खिडक्या उघडा, एरवी पंखा. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) परवडत असेल तर त्याच्याइतका उपाय नाही, फक्त खोली बंद हवी आणि टाकी रोज ओतायला हवी. सिलिका जेल घट्ट बंद होणाऱ्या कपाटातच चालतं. दारांना फट असेल तर थोड्याच दिवसांत दाणे भरून जातात. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट असतं.

खळदोरा:
कडक उन्हात मुळीच नको. पानं पिवळी पडतात, पुठ्ठे वाकतात, डिंकाने चिकटवलेल्या पाठी तडकतात. सावलीत, वाऱ्याला, पुस्तक उभं करून पानं थोडी उघडी ठेवा. बुरशी ओली असताना पुसायला जाऊ नका, ती कापडाच्या विणीत घुसते आणि डाग कायमचा बसतो. पुरती सुकून भुकटी झाली की गच्चीवर न्या, एन-95 मास्क लावा आणि मऊ ब्रशने पाठीकडून कडेकडे झटका.

कडा कुरतडल्या आहेत म्हणजे बहुधा कसर (चंदेरी किडा). तिला खळ आणि कागदावरचा स्टार्च आवडतो. आरपार गोल भोकं असतील तर भुंगेऱ्याची अळी. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. मग पुस्तकांचं राहू द्या, आधी भिंतीचा बंदोबस्त करा.

कसर आणि अळीसाठी फ्रीझर उत्तम. कोरडं पुस्तक झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास तशीच बंद ठेवा. घाईने उघडली तर थंड पुस्तकावर दव धरतं आणि सगळी मेहनत फुकट. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, नुसती झोपते.

दिवाळी अंकांच्या पिना आधी काढा. गंज आजूबाजूचा कागद खातो आणि मधलं पान सुटतं. पिनेचे पाय आतून बोथट पात्याने सरळ करा, मग बाहेरून उचला. ओढलीत तर कागद फाटेल. गंजलेली भोकं सोडून घडीवर तीन नवी पाडा आणि सुती दोऱ्याने शिवा: मधल्यातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्यावर गाठ. सेलोटेप घरातच ठेवू नका.

तळमजला:
वेखंड? पोथ्यांच्या बासनात ठेवतात ते.

खळदोरा:
ठेवा, पण त्याने कीड लांब राहते, असलेली मरत नाही. दर पावसाळ्याआधी नवे तुकडे हवेत, कारण वास उडतो. कडुलिंबाची पानं मात्र खडखडीत वाळलेलीच. ओलसर राहिली तर तुम्हीच बुरशीला पाणी घातलंत. बांधणी करून घ्याल तेव्हा बाइंडरला खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायला सांगा, कसर त्या खळीच्या वाटेला सहसा जात नाही.

फळीमाप:
कपाटाचं. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लाय, 18 किंवा 19 मिमी. एका फळीची लांबी 30 इंचांच्या वर नको. फूटभर पुस्तकं 8-10 किलो सहज भरतात, लांब फळीला दोन वर्षांत झोल येतो. फळीची खोली, म्हणजे पुढून मागे, 10 इंच पुरे. 14 इंच केलीत की दोन रांगा लागतात आणि मागची रांग कोणी वाचतही नाही, पुसतही नाही. डेमी (नेहमीच्या कादंबरीच्या) आकारासाठी फळ्यांत 10 इंच अंतर, दिवाळी अंकांसाठी 13. खाली सहा इंचांचे पाय, आणि पाठीच्या प्लायला वर-खाली फटी ठेवायला सुताराला आधीच सांगा. तो सवयीने बंद पाठ ठोकतो.