ओझेट बटाटा : युरोपला न जाता आलेला

उत्तर अमेरिकेतले सगळे बटाटे दक्षिण अमेरिकेतून आधी युरोपात गेले आणि मग तिकडून परत आले, असं म्हटलं जातं. बहुतेकांच्या बाबतीत हे खरंच आहे, पण ओझेट या वाणाला ते लागू होत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, नीआ बे इथे स्पॅनिश लोकांनी 1792 मध्ये छोटा किल्ला बांधला, भाजीपाला लावला आणि त्याच वर्षी ते निघून गेले. बटाटे मात्र तिथल्या मकाह या मूळनिवासी लोकांनी जपले, ते आजतागायत. जनुकीय तपासणीतही या वाणाचं जवळचं नातं मेक्सिको आणि चिलीच्या बटाट्यांशी निघालं. दोनशे वर्षं परसबागांतून बियाणं राखणाऱ्या त्या मकाह घरांचं नाव बटाट्याच्या गोष्टीत यायलाच हवं.

हा बटाटा बोटासारखा लांबुळका, फिकट पिवळ्या सालीचा, अंगभर डोळे असलेला. सोलायच्या भानगडीत पडू नका, निम्मा बटाटा सालीबरोबर जाईल. ब्रशने घासून सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडायचा, नाहीतर तेल चोळून ओव्हनमध्ये भाजायचा. चव किंचित अक्रोडासारखी, म्हणून मसाला बेताचाच. आम्ही सिएटलकर उकडलेल्या फोडींवर नुसती जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी घालतो, हळदसुद्धा नको.