मदत हवी आहे: सोसायटीच्या एसटीपीत फेसच फेस

नमस्कार मंडळी, पुण्यात आमची १८० फ्लॅटची सोसायटी आहे आणि गेले तीन आठवडे एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) एअरेशन टँकवर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीवर, पांढरा फेस इतका चढतोय की रविवारी तर कठड्यावरून खाली सांडला, हाताला बुळबुळीत आणि वास सरळ कपड्याच्या पावडरीचा. ऑपरेटर दादा डिफोमर (फेस मारणारं रसायन) ओततात, फेस तासभर बसतो, परत जैसे थे.

दिवाळीची साफसफाई चालू आहे, घरोघरी लिक्विड, पावडर, वर ब्लीच आणि ॲसिडपण, म्हणजे जे बॅक्टेरिया साबण खातात त्यांनाच आपण मारतोय असं वाटतं. टाकीतलं पाणी १ लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन ३० मिनिटं गाळ (त्यातच हे बॅक्टेरिया असतात) बसवून बघितला तर जेमतेम १०० मिली, म्हणजे फारच कमी, वरचं पाणी गढूळच. फॉस्फेट नसलेली पावडर घ्या असं ग्रुपवर सुचवतायत, पण फेस तर सर्फॅक्टंटचा (पावडरीतल्या मळ काढणाऱ्या, फेस करणाऱ्या घटकाचा) असतो ना, त्याने काय होणार?

दुसऱ्या चालू एसटीपीतला गाळ आणून टाकावा का? तोवर गाळ काढणं बंद ठेवू? हेच पाणी फ्लशला आणि बागेला जातं, कुंपणाच्या जास्वंदीची पानं पिवळी पडलीत, जीव तुटतो बघून. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.