मदत हवी आहे: गोल बाटलीच्या लेबलला सुवर्ण गुणोत्तर बसत नाही

कुडाळकरीण
बचत गटाचं अमृत कोकम, ७०० मिलीची काचेची बाटली. व्यास ७६ मिमी, सरळ भाग ११५ मिमी, लेबल पूर्ण गोल फिरणारं. समोरचा भाग ८० × १२९ काढला (सुवर्ण गुणोत्तर १.६१८, म्हणून ८० × १.६१८), तो उंचीत मावत नाही. आडवा ८० × ४९ केला तर नाव बारीक होतं. काय करू?

सड्यावरचा
ताई, तुम्ही सपाट कागद मोजताय, गिऱ्हाईक बघतं गोल बाटली. परीघ २३९ मिमी. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८०, समोर धरला तरी वळणामुळे डोळ्याला रुंदी ६६ च दिसते (व्यास × ०.८६६). आता ६६ × १.६१८ = १०७. वर-खाली ४-४ मिमी उरतात, ते रिकामेच सोडा. खांद्याच्या वळणावर लेबल चढलं की सुरकुती पडते आणि आपल्या दमट हवेत तिथूनच सुटतं.

१०७ चे त्याच गुणोत्तरात भाग ६६ आणि ४१. वर नाव-चित्र, खाली बाकीचं. वळण भरून काढायला चित्र मात्र रुंदीत ताणू नका. दबतात त्या कडा. मधले ४० मिमी ३८ दिसतात, म्हणजे जवळपास जसेच्या तसे. ताणलेला रातांबा (कोकमाचं फळ) मधोमध भोपळा दिसेल.

कुडाळकरीण
नाव ७२ मिमी रुंद आहे. चालेल?

सड्यावरचा
नाही. टोकाची अक्षरं चेपतील. ५५ च्या आत आणा, नाहीतर दोन ओळी करा.

खाजणवाट
हिशोब बरोबर, पण १.६१८ वर अडून बसू नका. एटीएम कार्ड ८५.६ × ५३.९८ मिमी, म्हणजे १.५८६, ए-फोर कागद १.४१४. कोणाचं काही अडलंय? जर्मन मानसशास्त्रज्ञ फेक्नरने लोकांना आयत निवडायला लावले (निष्कर्ष १८७६ मध्ये छापले) तेव्हा या गुणोत्तराला जास्त मतं पडली, पण पुढच्या प्रयोगांत तो कल ठामपणे टिकला नाही.

त्यापेक्षा शीट बघा. १२ × १८ इंची शीट म्हणजे ३०५ × ४५७ मिमी. लेबलची लांबी २४५ (६ मिमी जोडावर चढवायला), चारही कडांना २ मिमी जादा छपाई. उंची १०७ असेल तर १११ × ४ = ४४४, चार लेबलं बसतात. ११० केलीत तर ११४ × ४ = ४५६, मशीनला धरायला कडाच उरत नाही आणि तीनच निघतात.

कागदी स्टिकर नको, पीपी (पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकचा स्टिकर) घ्या. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो, कागद फुगतो. चिकटवताना काच कोरडी हवी, पाकाचा ओघळ राहिला तर पीपीसुद्धा सुटतं.