येझदी रोडकिंगची पेट्रोल टाकी: नवी बनावटीची, जुनी मूळ, की आहे तीच सांधावी?

रोडकिंग_सोलापूर
१९८६ची रोडकिंग मोटरसायकल आहे. टाकीच्या तळाला, कॉकच्या (पेट्रोल चालू-बंद करायच्या चावीच्या) मागे शिवणीजवळ पेट्रोल पाझरतंय. वरून लावलेली इपॉक्सी मऊ पडून सुटली. आत टॉर्च मारला तर तळाला तांबडा थर, कॉकच्या जाळीवर चहाच्या चोथ्यासारखी गंजाची भुकटी. समोर तीन वाटा आहेत:
१) नव्या बनावटीची रंगवलेली तयार टाकी
२) जुनी मूळ टाकी, डाव्या बाजूला पोचा, आतून गंज
३) आहे तीच झाळून घेणं
दुकानात टाकी हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं? पत्रा किती जाडीचा हवा? आतून लायनर (टाकीच्या आतल्या पत्र्यावरचा लेप) मारावा का?

पत्रा_आणि_पाना
पहिली गोष्ट, रंगवलेली टाकी घेऊ नका. रंगाखाली काय काय झाकलंय ते कळत नाही. प्रायमर मारलेली किंवा नुसतं तेल लावलेली कोरी टाकी मागा. दुकानदार नाही म्हणाला तर का नाही म्हणतोय तेही बघा की.

जाताना जुनं झाकण, जुना कॉक, लहान चुंबक, टॉर्च, मेजर टेप आणि लटकवायचा वजनकाटा न्या. जुन्या टाकीचं कोरडं वजन घरीच करून ठेवा. पत्रा ०.८ मिमीच्या आसपास हवा. गुडघ्याजवळच्या सपाट भागावर अंगठा दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा ‘टक्’ आवाज येऊन पत्रा आत-बाहेर होत असेल तर टाकी तशीच खाली ठेवा. असा पत्रा इंजिनच्या थरथरीने ब्रॅकेटच्या (टाकी फ्रेमला धरणाऱ्या पट्टीच्या) वेल्डच्या कडेने चिरतो. शिवण तेवढी चांगली असून भागत नाही, कारण नव्या टाक्या बहुतेक वेळा ब्रॅकेटपाशीच फुटतात. तिथला वेल्ड एकसारखा आहे का, की चार ठिपके देऊन सोडलाय, ते नखाने चाचपून बघा.

चुंबक सगळीकडून हळू फिरवा. जिथे पकड सैल पडते तिथे खाली पुट्टी आहे. जुन्या टाकीत हे जास्त सापडतं.

मग झाकण बसवून बघा. ते फिरून घट्ट बसलं पाहिजे. नुसतं टेकून राहिलं तर ब्रेक मारल्यावर पेट्रोल पुढे उसळून रंगावर येतं. कॉक हातानेच आट्यांवर चढवा. पहिल्या दोन आट्यांतच अडला तर पान्याने जोर करू नका, आटे वेगळे आहेत किंवा तोंडाशी वेल्डचा थेंब आहे. ‘येझदीची टाकी’ एवढ्या वर्णनावरही घेऊ नका. रोडकिंग, मोनार्क, सीएल-टू यातली कुठली ते विचारा. २०२२ नंतरच्या नव्या येझदीची टाकी या फ्रेमवर बसत नाही, ते तर सोडाच.

रंगाआधी गाडीवर कोरडी बसवून बघणं अगदी गरजेचं. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. टाकी, केबल आणि हँडलमध्ये बोट जाईल एवढी जागा हवी. पोटातल्या खोबणीत फ्रेमचा पाइप कुठे घासतोय ते कळत नसेल तर पाइपवर खडू फासा, टाकी बसवा, काढा. जिथे खडू उमटला तिथे उद्या भोक पडणार. शेवटी सीटच्या टोकाशी फट सारखी आहे का बघा. भोकं जुळत नाहीत म्हणून बोल्ट ओढून आवळू नका. टाकी रबरावर तरंगती राहिली पाहिजे.

रोडकिंग_सोलापूर
दुकानदार म्हणतो कॉम्प्रेसर लावून गळती तपासून देतो. चालेल का? आणि रंगाऐवजी पावडर कोटिंग?

पत्रा_आणि_पाना
कॉम्प्रेसर थेट लावू देऊ नका. ३ पीएसआय (दर चौरस इंचावर ३ पौंड) दाबालाच ३० बाय २० सेंटीच्या सपाट बाजूवर सव्वाशे किलोचा रेटा येतो. ३० पीएसआय म्हणजे सव्वा टन, टाकी फुग्यासारखी फुगून वाया जाईल. तोंड रबरी बुचाने बंद करा, कॉकच्या जागेतून सायकलच्या पंपाने २-३ पीएसआय हवा भरा आणि शिवणीवर साबणाचा फेस लावा. याच्यावरही खातरी न होणाऱ्यांनी टाकीत दोन लिटर रॉकेल घालून ती प्रत्येक कुशीवर एकेक रात्र जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. रॉकेल बारीक फटीतूनही झिरपतं, कागदावर डाग दिसतो.

पावडर कोटिंगला १८० ते २०० अंशांची भट्टी लागते. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांपासूनच वितळायला लागते. म्हणून कुठेही झाळलेली टाकी भट्टीत घालू नका. नव्या वेल्डेड टाकीला चालतं, पण आटे आणि झाकणाची कड नीट झाकून घ्या.

जुनं_तेच_बरं
वरच्या सगळ्याशी सहमत, पण माझं मत दुसऱ्या पर्यायाला. मूळ टाकीचा पोचा काढता येतो, आतला गंज काढता येतो. नव्या टाकीचा चुकलेला आकार मात्र कुणी सुधारून देत नाही ओ. अट एकच, खालच्या शिवणीला पेनाच्या टोकाने टोचून बघा. पत्रा भुसभुशीत लागला तर सोडून द्या.

गंजासाठी टॉयलेटचं ॲसिड वापरू नका. ते चांगला पत्राही खातं, शिवणीत अडकून राहतं आणि महिन्याभरात तिथूनच परत गंज फुटतो. १० लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो सायट्रिक ॲसिड घ्या आणि टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवा. आधी सुटा थर खरवडायला लोक नट टाकतात. टाकायचेच तर मोजून टाका, मोजून काढा. त्यापेक्षा बारीक साखळीचा हातभर तुकडा बरा, एक टोक हातात राहतं. ॲसिड काढल्यावर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खायचा सोडा, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच ब्लोअर. लगेच म्हणजे लगेच. ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत तांबडा होतो. वाळल्यावर १०० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल आत फिरवून ठेवा.

तिसरा पर्याय, म्हणजे आहे ती सांधणं, भोक एकच असेल तरच. पितळी झाळ मजबूत बसते, पण त्यावर पुढे वेल्डिंग धरत नाही, म्हणून आधीच ठरवा. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते हे कारागिराला सांगायला लाजू नका. पेट्रोल ओतून दिलं तरी गंजाच्या थरात आणि शिवणीत वाफ राहते. गरम पाणी आणि डिटर्जंटने दोन-तीनदा धुवायची, मग झाळायची जागा वर येईल अशी धरून तिथपर्यंत पाणी भरायचं, तोंड आणि कॉकची जागा उघडी ठेवायची. एवढं न करता ज्योत लावणाऱ्याकडे टाकी देऊ नका.

टू_स्ट्रोकचा_धूर
लायनरबद्दल: सुदृढ टाकीला मारू नका. गंजावर किंवा तेलकट पत्र्यावर मारलेला लायनर पापुद्र्यासारखा सुटतो आणि कॉकमध्ये येऊन बसतो. मारायचाच असेल तर २० टक्के इथेनॉलला चालतो असं डब्यावर लिहिलेलाच घ्या.

आता पंपावर ई-२०च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी टाकीला त्याचं कौतुक नाही. ते पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. रोडकिंगमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. म्हणजे कॉकमधून आधी बिनऑइलचा थर इंजिनात जातो. पिस्टन धरायला, म्हणजे जाम व्हायला, एवढं पुरे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ऑइल फिरवून ठेवा.

कॉकचे वायसर आणि नळीही इथेनॉलला टिकणारीच घ्या. कागदी बारीक फिल्टर लावू नका. इथे पेट्रोल फक्त उताराने येतं, चढावर पुरवठा कमी पडतो.

रोडकिंग_सोलापूर
मग दुसरा पर्याय, शिवण टोचून बघूनच. रंग मूळचा काळा आहे, मरून करायचा विचार आहे.

पत्रा_आणि_पाना
आरसीवर रंग लिहिलेला असतो. मरून केला तर आरटीओत नोंद करून घ्या, नाहीतर पाच वर्षांच्या नूतनीकरणाच्या तपासणीत अडकाल.

रंग झाल्यावर पहिली लांब फेरी तुळजापूरची ठेवा, एका बाजूने ४५ किमी. १०-१५ किमीवर गाडी दम टाकत बंद पडली आणि झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं, तर झाकणाचं हवेचं छिद्र रंगाने बुजलंय. बारीक तारेने मोकळं करा. आणि उन्हाळ्यात काठोकाठ भरू नका. आपल्याकडच्या ४२ अंशांत पेट्रोल फुगून त्याच छिद्रातून नव्या रंगावर येतं.

रोडकिंग_सोलापूर
झाकणाखालचं जुनं रबर कडक झालंय, तेही बदलतो.

टू_स्ट्रोकचा_धूर
बदला, पण पेट्रोलला चालणाऱ्या नायट्राइल रबराचं. सायकलच्या ट्यूबचं कापून लावलं तर फुगून झाकणच उघडणार नाही.